अजून नाही

नाकासमोर चालणारी माणसं
या पाण्यात शेवटून पहिली येतात.
बोया तो समोर, नारिंगी, पोट सुटलेला,
हात लांबवला तर लागेल असा.
आणि वारा नेमका त्याच्याच तोंडून येतोय.
वारा येईल तशी पाठ फिरवावी, म्हणणाऱ्याला
कधी शर्यत लावायची नव्हती.
इथे वाऱ्याला गाल द्यायचा,
आधी डावा, मग उजवा,
आणि तिरकं तिरकं त्याच्या घरात शिरायचं.

मेनाईची सामुद्रधुनी, गुरुवारची संध्याकाळ,
उधाणाची ओहोटी.
सुकाणूवर हेविन. माझ्या आईचा दुसरा नवरा.
आई कार्डिफला गेली त्याला तीन वर्षं झाली,
होडी आणि मी त्याच्या वाटणीला आलो.

अँगलसीचा काठ धरून आम्ही वर चढलो
आखूड टाक्यांनी, उलटी टीप घालावी तसे.
काठाशी ओहोटीला जोर नसतो,
दगड आणि शेवाळ तिचे पाय धरून ठेवतात.
सेंटरबोर्डने वाळू खरवडली की वळायचं,
पुन्हा खरवडली की पुन्हा.
बोया मात्र पलीकडे, मधल्या धारेच्या पार.
ती ओलांडायची कुठून, एवढाच प्रश्न.
लवकर वळलो तर त्याच्या खालून वाहून जाऊ.
उशिरा वळलो तर बोया हमखास मिळेल,
पण जास्तीचं कापलेलं पाणी
कुणी परत देत नाही.

हेविनने तेहतीस वर्षं टपाल वाटलं.
पत्र चुकीच्या पेटीत पडण्यापेक्षा
दोन पावलं जास्त बरी, हा त्याचा धर्म.
दर गुरुवारी आम्ही तीच दोन पावलं जास्त चालतो
आणि सातवे येतो.

"आता," मी म्हटलं.
"अजून नाही."
ग्विलिमची निळी होडी केव्हाच धारेत शिरली होती,
नाळ बोयाकडे, अंग समुद्राकडे,
खेकड्यासारखी.
"बघ तिचं काय झालं," हेविन म्हणाला.
मी बघितलं. आणि तिच्याही पलीकडे बघितलं,
जिथे पाण्याचा रंग फिका होत जातो,
वाळू वर येते, ओहोटी दमते.
त्याने ती जागा हिशेबात धरलीच नव्हती.
"आता."
"अजून ना—"
मी पुढच्या शिडाचा दोर सोडून दिला.

शीड फडफडलं. तो काही बोलला, वेल्शमध्ये,
टपालखात्यात न शोभणारं.
पण वळला. वळावंच लागलं.

मी नऊ वर्षांची असताना यानेच शिकवलं होतं,
स्वयंपाकघरात, मीठदाणी आणि किटली मांडून:
मीठदाणी म्हणजे बोया, किटली म्हणजे मागचा किनारा.
उजवीकडून किटली उघडी होत गेली तर पोचलीस.
मीठदाणीने ती गिळायला घेतली
तर तू वाहतेयस, पोरी, बोया नाही हलत.

आज किटलीच्या जागी एक पांढरं शेतघर.
बोयाने त्याची पडवी खाल्ली.
मग एक खिडकी.
मग दुसरी.
हेविन बोयाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता,
आणि मी घराकडे,
ज्याचं आता नुसतं धुराडं उरलं होतं.

मग धुराडं थांबलं.
ते गिळलं गेलं नाही, इतकंच.
खालचं पाणी सैल पडल्याचं पायांना कळलं.
एक खिडकी परत आली.
पडवी, पडवीवर वाळत घातलेली निळी चादर.

बोया डाव्या हाताने गेला, इतका जवळून
की त्याच्या शेवाळाचा वास आला.
हेविनने श्वास सोडला, मला वाटतं,
आम्ही बोमारिसहून निघाल्यापासूनचा.

चौथे आलो.
होडी बांधताना तो गाठीशी बोलल्यासारखा म्हणाला,
"दोन हात लवकर वळलीस."
"दीड," मी म्हटलं.
तो हसला नाही. घरी आल्यावर
मीठदाणी टेबलाच्या कडेला नेऊन ठेवली,
किटली चुलीवर,
आणि कितीतरी वेळ एक डोळा मिटून
बघत राहिला.